मुद्दाम अपुरी ठेवलेली तबकडी

ऑक्टोबर १९९५ मध्ये टोकियोच्या शिंजुकु भागातल्या लिक्विड रूम या क्लबात डेट्रॉइटचा जेफ मिल्स वाजवायला आला. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी बाजारात आलं आणि टेक्नो ऐकणाऱ्यांत ते आजही मोठ्या आदराने ऐकलं जातं. तासाभराहून थोड्या जास्त वेळात त्यात तीसहून अधिक तबकड्या येऊन जातात. काही तर मिनिटभरही टिकत नाहीत. यातल्या बऱ्याच तबकड्या मिल्सच्या स्वतःच्या आहेत. स्टुडिओत बसून त्यानेच त्या घडवल्या आणि इथे मात्र पाच-सहा मिनिटांच्या रचनेतला जेमतेम तुकडा वापरून तो पुढे जातो.

स्वतःचीच रचना कोणी अशी अर्धवट का सोडेल? याचं उत्तर शोधताना टेक्नोचं सगळं काम उलगडत जातं. ही तबकडी मुळात पुरी केलेलीच नसते. शेजारी दुसरी तबकडी वाजणार आहे, हे धरूनच निर्माता तिच्यात जागा मोकळ्या ठेवतो. त्या जागा भरणं हे डीजेचं काम. मिल्ससारखा माणूस दोन्ही कामं करतो, त्यामुळे स्टुडिओत काय सोडलं आणि क्लबात काय भरलं, हे त्याच्याकडे फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात ठोक्यापासून करू. टेक्नोची लय साधारणपणे मिनिटाला १२५ ते १४० ठोक्यांची. १३० धरली तर एक ठोका ०.४६ सेकंदाचा होतो. चार ठोक्यांचं एक आवर्तन पावणेदोन सेकंदांच्या थोडं पुढे जातं आणि सोळा आवर्तनांना जवळपास अर्धा मिनिट लागतो. हा अर्धा मिनिट लक्षात ठेवा. संगीतात काही बदल व्हायचा तो बहुतेक वेळा आठ, सोळा किंवा बत्तीस आवर्तनं पुरी झाल्यावर, समेवर होतो. नाचणाऱ्याने कधी आवर्तनं मोजलेली नसतात, पण अंगाला ती कळतात. आता काहीतरी होणार, हे पाय आधीच ओळखतात.

हा ठोका ज्या यंत्रातून येतो त्याचं नाव टीआर-९०९. जपानच्या रोलँड कंपनीने ते १९८३ मध्ये आणलं. खऱ्या ड्रमसारखा आवाज हवा असणाऱ्यांना ते पटलं नाही, सुमारे दहा हजार यंत्रं बनली आणि उत्पादन थांबलं. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि डेट्रॉइट-शिकागोच्या तरुणांच्या हाती पडली. यंत्राच्या पुढच्या कडेला सोळा बटणांची रांग असते. एक रांग म्हणजे एक आवर्तन, दर ठोक्याला चार बटणं. पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं बटण दाबलं की किक ड्रम चारही ठोक्यांवर पडतो. पाचव्या आणि तेराव्यावर टाळीचा आवाज ठेवायचा. तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्यावर उघडी हाय-हॅट, म्हणजे झांजेचा तो ‘त्स्स’, बरोबर दोन ठोक्यांच्या मधोमध. एवढ्यावरच अर्धं टेक्नो उभं राहतं.

९०९ चा किक कुठल्याही ड्रमवरून ध्वनिमुद्रित केलेला नाही. तो विजेच्या कंपनातून घडतो. सुरुवातीला कंपन चढ्या स्वरात सुटतं आणि काही सहस्रांश सेकंदांत खाली घसरतं. त्या घसरणीमुळे तो आघातासारखा वाटतो, आणि खालचा भाग छातीत बसतो. किती घसरायचं, किती वेळ घुमायचं, टोक किती धारदार हवं, हे सगळं बटणं फिरवून ठरवता येतं. झांजा आणि हाय-हॅट मात्र खऱ्या ध्वनिमुद्रणातून घेतलेल्या आहेत, त्याही अगदी कमी तपशिलाच्या, सहा बिटांच्या. त्यामुळे त्यांना खरखरीत धातूची चव आहे. खालचं अंग गोल आणि वरचं खरखरीत, अशी ही जोडी योजून साधली असती तरी इतकी जमली नसती.

आता निर्माता काय करतो ते पाहू. १९८० च्या दशकात डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावातल्या शाळेतले तिघे मित्र, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन, अशा यंत्रांवर घरीच रचना करू लागले. त्यांच्या मागून आलेला मिल्स त्या वेळी शहरातल्या रेडिओवर ‘द विझर्ड’ या नावाने तबकड्या वाजवायचा आणि त्याच्या हातांच्या वेगासाठी ओळखला जायचा. पुढे तो माइक बँक्सबरोबर अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटात होता आणि १९९२ मध्ये त्याने अ‍ॅक्सिस ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. त्याच्या रचनांत तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त काही नसतं. ९०९ चा ठेका, सिंथेसायझरवरची दोन-चार स्वरांची फिरती ओळ, कधी खालची घरघर, कधी वर एखादा लांब सूर. त्याचा सर्वांत गाजलेला ‘द बेल्स’ हा १९९७ चा ट्रॅक घ्या. घंटेसारख्या मोजक्या स्वरांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते, तिच्याखाली ठेका धावतो, एवढंच.

अशा रचनेच्या सुरुवातीला बराच वेळ फक्त तालवाद्यं असतात, आणि शेवटीही. घरी ऐकणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि त्याचं चुकत नाही, कारण तो भाग त्याच्यासाठी केलेलाच नाही. आधीची तबकडी वाजत असताना नवी तबकडी तिच्यात शिरवायची असते. त्या वेळी दोन्हींत सूर असतील तर ते एकमेकांत अडकतात. नुसता ताल असेल तर नवं आलेलं आधी कळतही नाही. मधल्या भागातही निर्माता सगळ्या पट्ट्या भरत नाही. खाली किक असेल, वर हाय-हॅट असेल, तर मधला पट्टा मुद्दाम रिकामा सोडतो. तिथे दुसऱ्या कोणाची तरी धून येऊन बसणार असते.

यानंतर रचना तबकडीत कोरली जाते, आणि इथे पदार्थविज्ञान आपले नियम लादतं. तबकडीच्या खाचेत खालचे सूर म्हणजे सुईचं मोठं डोलणं. ते डोलणं डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं असेल तर सुई खाचेतून उडते, म्हणून खालचे सूर दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे लागतात. आवाज मोठा हवा तर खाच रुंद हवी, आणि खाच रुंद झाली की तबकडीवर कमी मिनिटं मावतात. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकदोनच ट्रॅक असण्याचं कारण हेच. डेट्रॉइटमध्ये हे कोरण्याचं काम रॉन मर्फी हा जुना कारागीर करायचा. या तरुणांच्या विचित्र मागण्या त्याने मनापासून पुऱ्या केल्या. त्याचं नाव तबकड्यांच्या कव्हरांवर फारसं मोठ्या अक्षरांत दिसत नाही, पण डेट्रॉइटच्या आवाजातला मोठा वाटा त्याचा आहे असं मला ठामपणे वाटतं.

त्या मागण्यांतली एक म्हणजे बंद खाच. साधी खाच तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल आत जाते. बंद खाच आपल्याच शेपटीला येऊन मिळते, त्यामुळे सुई उचलेपर्यंत तोच फेरा वाजत राहतो. तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. त्या एका फेऱ्यात चार ठोके बसवले तर लय येते मिनिटाला १३३ ठोक्यांच्या थोडी वर. ही तर टेक्नोचीच लय! यंत्राचा जुना ठरलेला वेग आणि नाचाची नवी लय इतकी जुळावीत, याचा मला दर वेळी आनंद होतो. मिल्सने १९९४ च्या ‘सायकल ३०’ या तबकडीची एक बाजू अशा बंद खाचांनी भरली. एक-एक आवर्तनाचा हा माल एकटा ऐकण्यासारखा नाही. दुसऱ्या तबकडीखाली तो हवा तितका वेळ चालवता येतो.

आता क्लबात येऊ. तबकड्या वाजवणाऱ्या डीजेच्या बूथमध्ये टर्नटेबल असतं टेक्निक्सचं एसएल-१२००, बहुधा १९७९ मध्ये आलेलं दुसरं रूप. जुन्या टर्नटेबलांत मोटर बाजूला असायची आणि रबरी पट्ट्याने थाळी फिरवायची. इथे थाळी थेट मोटरवरच बसते. सुरू केल्यावर पाऊण सेकंदाच्या आत ती पूर्ण वेगाला येते आणि हाताने रोखली तरी मोटर दमत नाही. थाळीवर रबराऐवजी जाड नमद्याची चकती असते, तिला स्लिपमॅट म्हणतात. तबकडीला बोट लावून ती थांबवता येते आणि खाली थाळी फिरतच राहते. बोट काढलं की तबकडी लगेच वेग घेते. उजव्या हाताला उभी सरकपट्टी असते. तिने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो.

एक तबकडी लोकांना ऐकू येते आहे. दुसरी डीजे फक्त हेडफोनच्या एका कानात ऐकतो, दुसरा कान हॉलसाठी मोकळा. नव्या तबकडीचा पहिला किक शोधून तो सुईखाली आणतो, बोटाने पुढे-मागे हलवत तयार ठेवतो आणि वाजणाऱ्या तबकडीच्या समेवर सोडतो. दोन्ही सुरुवातीला एकत्र चालतात. पण एक १३० ची आणि दुसरी साडेएकशेतीसची असेल तर दर ठोक्याला त्या दोन सहस्रांश सेकंदाहून थोड्या कमी अंतराने सरकतात. सोळा ठोक्यांत हे अंतर २८ सहस्रांशांवर जातं. तोपर्यंत एकच वाटणारा ठोका फाटू लागतो, आणि आणखी थोड्या वेळात दोन्ही किक मिळून घोडदौडीच्या टापांसारखे ऐकू येतात. पहिली फाट सात-आठ सेकंदांतच पडते. त्याआधीच नवी तबकडी पुढे पळते आहे की मागे पडते आहे, हे कानाने ओळखायचं, सरकपट्टी केसभर हलवायची आणि झालेली चूक थाळीच्या कडेला बोट लावून भरून काढायची. हे काम आकडे पाहून होत नाही. हाय-हॅट ऐकायच्या, त्यांचे आवाज तीक्ष्ण असल्याने फट तिथे आधी कळते.

वेग वाढवला की स्वरही चढतो. सहा टक्क्यांनी ‘सा’ जवळपास कोमल ‘रे’ वर जातो. गाण्यांच्या तबकड्यांना हे झेपत नाही, आवाज लगेच पिळलेला वाटतो. टेक्नोत गायन जवळजवळ नसतं आणि सुरावटही तुटपुंजी असते. म्हणून तबकड्या एवढ्या ओढूनताणून एकत्र आणता येतात.

लय जुळली तरी काम झालेलं नसतं. दोन किक एकाच वेळी पूर्ण जोराने वाजले तर खालचा आवाज एकतर फुगतो, नाहीतर ते दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून मिक्सरवर प्रत्येक तबकडीसाठी खालचा, मधला आणि वरचा अशा तीन पट्ट्यांची बटणं असतात. नवी तबकडी आत येते ती खालचा पट्टा पूर्ण बंद करून. आधी फक्त तिच्या हाय-हॅट शिरतात, हॉलमध्ये थोडी चकाकी वाढल्यासारखी वाटते. मग मधला भाग हळूहळू येतो. सोळा आवर्तनं पुरी झाली की दोन्ही हातांनी एकाच क्षणी अदलाबदल होते, जुनीचा खालचा पट्टा बंद आणि नवीचा चालू. नाचणाऱ्याला जमीन बदलल्याचं जाणवतं, आणि नक्की काय बदललं ते सांगता येत नाही.

दोन टर्नटेबलांवर चांगला डीजे हे करतो. मिल्स तीन वापरतो. दोन तबकड्या मिळून एक ठेका घडवत असताना तिसरी हेडफोनमध्ये जुळत असते, आणि तिन्ही एकमेकींपासून सतत सरकू पाहत असतात. लिक्विड रूमच्या ध्वनिमुद्रणात हात घसरल्याच्या जागाही तशाच ठेवल्या आहेत, आणि त्या ठेवल्या याबद्दल मी कृतज्ञ आहे. सगळं किती काठावर चाललं आहे ते त्यांच्यामुळे कळतं. पाहायचंच असेल तर २००४ ची त्याची ‘एक्झिबिशनिस्ट’ ही डीव्हीडी पाहावी, कॅमेरे थेट हातांवर लावलेले आहेत. पुढच्या काळात तो ९०९ च क्लबात आणून तबकड्यांच्या मधोमध वाजवू लागला. तबकडीत काय येतं ते कोरतानाच ठरलेलं असतं. ९०९ वर मात्र त्या क्षणी कुठलं बटण पेटवायचं आणि कुठलं विझवायचं ते हाताने ठरतं. म्हणजे निर्मात्याचं अवजार डीजेच्या मेजावर आलं आणि दोन कामांमधली भिंत पडली.

खोलीचाही यात मोठा भाग आहे. पन्नास हर्ट्झच्या सुराची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. छोट्या हॉलमध्ये ती भिंतीवर आपटून परत येते, त्यामुळे एका कोपऱ्यात किक अंगावर येतो आणि दोन पावलांवर तो हरवतो. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहिलेल्या कोणालाही छातीतला तो दाब ठाऊक आहे. चांगला क्लब नुसता दाब वाढवत नाही, तो सगळीकडे सारखा पोहोचवतो. डीजेची अडचण वेगळी असते. मुख्य स्पीकर त्याच्यापासून पंधरा मीटरवर असले तर आवाज त्याच्यापर्यंत ४४ सहस्रांश सेकंद उशिरा येतो, म्हणजे जवळपास ठोक्याचा दहावा हिस्सा. हेडफोनमधली तबकडी त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवली तर ती चुकणारच. म्हणून बूथमध्ये कानाजवळ वेगळे स्पीकर असतात. शिवाय खालच्या सुरांची थरथर मेजातून सुईपर्यंत पोहोचली तर सुई तीच थरथर पुन्हा स्पीकरकडे पाठवते आणि घुमणारा आवाज वाढतच जातो. टर्नटेबलांखाली काँक्रीटच्या जड लाद्या ठेवतात त्या यासाठी.

बर्लिनच्या ट्रेझर क्लबाचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९१ मध्ये, वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीखान्यात तो सुरू झाला. बुटकं छत, जाड भिंती, गंजलेल्या लोखंडी तिजोऱ्या. याच क्लबाच्या रेकॉर्ड कंपनीने डेट्रॉइटच्या लोकांच्या तबकड्या काढल्या, त्यांत मिल्सची १९९२ ची ‘वेव्हफॉर्म ट्रान्समिशन’ मालिकेतली पहिली तबकडीही होती. डेट्रॉइटमध्ये या संगीताला जागा कमी होत चालल्या होत्या आणि बर्लिनमध्ये रिकाम्या इमारतींची वाण नव्हती. दोन शहरांची गरज एकमेकांना मिळाली. मार्च २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. त्या यादीत डेट्रॉइटचं ऋण किती ठळक दिसतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

साधन बदललं की संगीत बदलतं, याचा पुरावा आपल्या गोव्यातही आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर उन्हाने आणि दमट हवेने तबकड्या वाकायच्या, म्हणून तिथले डीजे डॅट या डिजिटल कॅसेटवर वाजवायचे. कॅसेटचा वेग टर्नटेबलसारखा बदलता येत नव्हता, लय जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. मग एक संपताना दुसरं सुरू करायचं, आणि ते खटकू नये म्हणून गोवा ट्रान्सच्या रचनांना ठोका नसलेली लांबलचक सुरुवात आली. मुंबईची गोष्ट आणखी आधीची आहे. चित्रपटसृष्टीत वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचीच टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी चकित होऊन ती उचलली. पण सिंग यांनी प्रत्येक राग पूर्ण वाजवला आहे. शेजारी कोणी येणार म्हणून जागा सोडलेली नाही. त्या दृष्टीने ते टेक्नोपेक्षा वेगळं काम आहे.

आता बहुतेक क्लबांत टर्नटेबलांच्या जागी पायोनियरची डिजिटल यंत्रं आहेत, तबकड्यांच्या पेटीऐवजी खिशात यूएसबी काडी असते, आणि एक बटण दाबलं की दोन ट्रॅकांची लय आपोआप जुळते. त्यावरून भांडणं खूप होतात. माझं मत असं की लय जुळवणं ही पहिली पायरी होती आणि ती यंत्राने घेतली म्हणून काही बिघडत नाही. पुढच्या कुठल्याच पायरीसाठी बटण नाही. शेकडो ट्रॅकांतून आत्ता कुठला, तो किती वेळ, त्याचा कुठला पट्टा उघडायचा, आणि समोरची माणसं दमली आहेत की अजून चढायला तयार आहेत, हे पाहून किक किती आवर्तनं रोखून धरायचा. जागा सोडून बनवलेला ट्रॅक नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

त्या मोकळ्या जागा फक्त दुसऱ्या तबकडीसाठी नव्हत्या, हे मिल्सनेच पुढे दाखवलं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या पाँ द्यू गार या रोमन जलसेतूपाशी माँपेलिएच्या वाद्यवृंदाने त्याच्या रचना वाजवल्या, ‘द बेल्स’सुद्धा. तबकडीत जिथे काही नव्हतं तिथे तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं येऊन बसली आणि मूळ ठेका हलवावा लागला नाही. नायजेरियाचा थोर ड्रमवादक टोनी अ‍ॅलन याच्याबरोबर त्याने २०१८ मध्ये ‘टुमॉरो कम्स द हार्वेस्ट’ ही तबकडी केली. अ‍ॅलन २०२० मध्ये गेला. त्यानंतर कीबोर्डवर जाँ-फी दारी आणि तबल्यावर प्रभू एडुआर यांना घेऊन मिल्सने ते काम पुढे नेलं. तिथे काही आधी लिहिलेलं नसतं. तबला बोलू लागला की ९०९ वरची किती बटणं विझवायची, हे मिल्स त्याच क्षणी ठरवतो.